नायगऱ्याच्या खडकावरचा बगळा

गोपीचंद, तुझ्या तेरवीसाठी फोटो शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं, तीस वर्षं फोटोग्राफरच्या शेजारी उभं राहून तू स्वतःचा एक धड फोटो काढून घेतला नाहीस. अड्याळच्या चारी बाजूंच्या गावांतली लग्नं, बारशी, साठीशांती मी डब्यांत भरून ठेवली आहेत. ते डबे उपसून उपसून कंबर गेली. तुझा हात निघाला. तुझी पाठ निघाली. एका नवरदेवाच्या मागं पडदा ताणून धरलेली तुझी चार बोटं निघाली. तोंड असलेला फोटो एकच, आणि त्यात तू माझ्यावर रागावलेला आहेस.

शकूवहिनीनं तो हातात घेतला आणि विचारलं, "भाऊजी, हासत असलेला नाई का एखादा?"

नव्हता. तोच मोठा केला, चौकटीत बसवला, हार घातला, पाटावर ठेवला. तेरवीला जेवायला आलेल्या सगळ्या गावाकडं तू असा बघत होतास, जसं काही प्रत्येकानं तुझं काहीतरी बिघडवलं आहे. बाकीच्यांनी काही बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं. ते तुला कळलंच नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्या धंद्याची वाटणी साधी होती. तू रंगवायचास, मी ओरडायचो. दिवाळी झाली की आपल्याकडं गावोगाव मंडईची जत्रा भरते, माहेरी आलेल्या लेकी आणि नवे कोरे जावई हातात जिलबीचे पुडे घेऊन हिंडतात. त्या जोड्यांना पकडून आपल्या तंबूत आणायचं हे माझं काम. "या हो या! पासपोर्ट नाई, विमान नाई, चपलाही काढू नका! जावईबापू, बायकोले नायगरा दाखवा, जन्मभर नाव काढन तुमचं!" लोक थांबायचे ते माझ्या आवाजानं. आत आल्यावर गप्प व्हायचे ते तुझ्या पडद्यांनी. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता करतो, आता फुकट आहे.

चार पडदे होते. जपानचा फुजी डोंगर, स्वित्झर्लंडची बर्फाची शिखरं, अमेरिकेतली ती लालभडक खोल दरी, आणि नायगरा. नायगऱ्याचं जाड कापड तुझ्या बाबांनी हातमागावर विणलेलं, सहा पट्टे जोडून शिवलेलं. नीट पाहिलं तर धबधब्यातून उभ्या शिवणी गेलेल्या दिसायच्या. गिऱ्हाइकानं विचारलं की मी सांगायचो, ती पाण्याची धार आहे.

चारही पडदे तू कॅलेंडरांवरून उतरवले होतेस. फुजीच्या पायथ्याशी भाताची खाचरं होती, आपल्या धानाच्या बांध्यांसारखी, पण तीही कॅलेंडरवर होती. मी उगाच म्हणायचो की तू जपानला अड्याळ चिकटवलंस. पण नायगऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात, पाणी कोसळतं तिथं, एका खडकावर एक पाय पोटाशी घेऊन उभा असलेला राखी बगळा मात्र कोणत्याच कॅलेंडरवर नव्हता. तो तुझा.

"अबे, नायगऱ्याले बगळा कुठून आणला?"

"आणाले कायले लागते? येते तो."

"अमेरिकेत?"

"पाणी वरून पडते तिथं मासोळी असते. मासोळी असली का बगळा येते. आपल्या तलावाच्या सांडव्यावर पाह्य, रोज उभा राहते. याच्यात अमेरिका काय करन अन् अड्याळ काय करन?"

"तू गेला होता का नायगऱ्याले?"

"तू गेला होता?"

इथवर आलं की चहा यायचा. तीस वर्षं हा वाद याच ठिकाणी येऊन थांबत गेला. लोक आपल्या तंबूबाहेर बसून तो ऐकायचे. मला तर तो पाठच होता, आणि खरं सांगतो, मला तो संपायला नको होता.

पाटावरचा तुझा फोटो त्याच वादातून निघाला. आपली दुसरी की तिसरी मंडई. उजेड तपासायला मी तुला नायगऱ्यापुढं उभं केलं. "थोडा उजवीकडं. अजून थोडा. हां, आणखी एक पाऊल." तू भाबडेपणानं सरकत गेलास आणि बरोबर बगळ्यावर आलास. मग तुझ्या लक्षात आलं. "बगळा झाकला ना बे, नाटक्या!" म्हणून तू कडाडलास आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. फोटोत तुझ्या डाव्या खांद्यामागून एक बारीक चोच निघालेली आहे. तेरवीच्या दिवशी हार घालताना मी तो मुद्दाम जरा तिरका घातला, चोच झाकू नये म्हणून.

आणि ते चिखल्याचे जावई आठवतात? मँगनीजच्या खाणीत कामाला होते, बायको अड्याळची, लग्नानंतरची पहिली मंडई. मी त्यांना मोठ्या थाटात लाल दरीपुढं नेलं. म्हटलं, ही अमेरिकेची दरी, अख्ख्या जगातून लोक पाहायला येतात. त्यांनी वरून खालून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, मी रोज खाणीत उतरतो. सुट्टीच्या दिवशी बी बायको घेऊन तिथंच उभा राहू का?" तू हसत हसत बांबूवर बसलास आणि बांबू मोडला. तोवर त्यांची बायको नायगऱ्यापुढं जाऊन उभी होती. बगळ्याकडं बोट दाखवून तिनं तुला विचारलं, "हा खरंच असते का जी तिथं?"

"एकदम खरा हाय बाई," तू म्हणालास. त्या संध्याकाळी पडदे गुंडाळताना तू मला एक गोष्ट सांगितलीस. "बाकी सगळं लोकाचं पाहून काढलं, नाटक्या. डोंगर लोकाचे, बर्फ लोकाचा, पाणी लोकाचं. एवढा एकच माझ्या डोक्यातून निघाला. तू हास त्याच्यावर, पण माती नको टाकू."

मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. तुझ्यासारखं साधं बोलणं मला कधी जमलंच नाही.

मग दिवस बदलले. लोकांच्या खिशात कॅमेरे आले. लग्नाआधीच नवरा-नवरी खऱ्या धबधब्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून व्हिडिओ काढून येऊ लागले. तू शाळांच्या भिंतींवर पाढे आणि दुकानांवर पाट्या रंगवायला लागलास. तरी दरवर्षी मंडईच्या आधी नायगऱ्याचा पडदा अंगणात पसरून डागडुजी करायचास. धबधब्याला नवं पांढरं, झाडांना नवं हिरवं. बगळ्याला तू शेवटी हात लावायचास, बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून. मी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी माझ्या लेकीनं टोरंटोला बोलावलं, तिथून नायगरा दोन तासांवर. विमानाचं तिकीट आलं त्या दिवशी तू स्टुडिओत आलास, स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "मले काही नको आणू. फक्त उजव्या बाजूले पाहजो."

गोपीचंद, नायगरा. काय सांगू तुला? शंभर राईस मिल एकदम सुरू केल्यावर होईल तसा आवाज. तो कानात येत नाही, छातीत येतो. लाल प्लास्टिकचा रेनकोट घालून मी कठड्याला उभा, चष्म्यावर तुषार, आणि पाण्याचा रंग तोच, तुझा मोरपंखी हिरवा. तीस वर्षं मी त्याला भडक म्हणालो. तुझा हिरवा भडक नव्हता, माझा कॅमेरा मिळमिळीत होता. लेक नातीला घेऊन प्रसाधनगृहाकडं गेली होती. मी एकटाच होतो. तुझं ऐकून मी उजवीकडं पाहिलं.

खाली, तुषारांत भिजलेल्या काळ्या खडकावर तो उभा होता. आपल्या राखी बगळ्याचा मोठा भाऊ वाटावा असा, निळसर, मान आखडून घेतलेला, एक पाय पोटाशी. जगातलं एवढं पाणी त्याच्या डोक्याजवळ कोसळत होतं आणि तो आपल्या मासोळीकडं बघत होता. मी जोरात हसलो. शेजारचा गोरा माणूस दचकला. "सापडला लेका!" मी त्याला मराठीत सांगितलं. त्यानंही मान डोलावली. मग मी मोबाइल काढला, होईल तितकं जवळ आणलं आणि फोटो घेतला. फोटो रवाळ आला, पण चोच दिसत होती, मान दिसत होती, पाय एकच दिसत होता.

तिथून तो लगेच तुझ्या शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर पाठवला असता तर हे पान लिहावं लागलं नसतं. पण मी कोण? नाटक्या! मला त्याचा प्रयोग करायचा होता. परतीच्या विमानात मी तो बसवत आलो. पहिल्या अंकात बगळा नाही म्हणून सांगायचं. लोक हसतील. तू उसळशील, "खोटं बोलते हा!" म्हणशील. मग दुसरा अंक. सावकाश खिशातून मोबाइल काढायचा, आधी बाकीच्यांना दाखवायचा, सगळ्यात शेवटी तुला. हवाईसुंदरीनं चहा आणला तेव्हाही मी एकटाच हसत होतो.

बसस्टँडजवळच्या टपरीवर सहा-सात जण होते. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. टपरीवरच्या चहाला तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, तिथंच मला कळायला हवं होतं. सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून तू विचारलंस, "हं, दिसला का?"

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "गोपीचंदा, मन घट्ट कर. बगळा सोड, तिथं चिमणी बी नाही. एका गोऱ्या साहेबाले विचारलं, तो म्हणे, हा पक्षी फक्त अड्याळच्या नायगऱ्याले येते!"

टपरी हसून फुटली. एकाच्या नाकातून चहा आला. तूही हसलास. "असं हाय का," म्हणालास.

मी थांबलो होतो, गोपीचंद. तुझं वाक्य यायचं होतं. "खोटं बोलते नाटक्या." तीस वर्षं तू ते म्हणत आलास, कारण नसताना म्हणालास, मी खरं बोललो तेव्हाही म्हणालास. ते तू म्हटलं असतंस की माझा हात खिशात जाणार होता. तू म्हटलं नाहीस. कोणीतरी व्हिसाचं विचारलं, भज्यांची प्लेट आली, मी विमानतळावरच्या सरकत्या जिन्याची गोष्ट सुरू केली. मान वळवून पाहिलं तर तुझा ग्लास अर्धा भरलेला आणि तू निघून गेलेला.

मनात म्हटलं, ठीक आहे, उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्याकडं आलो. अंगणात नायगरा पसरलेला. तू उकिडवा बसलेला, हातात भिंत रंगवायचा रुंद ब्रश. खडकावर बगळ्याच्या जागी पांढऱ्या फेसाचा एक ढग. ओला होता अजून. बारीक कुंचला तू घेतलाच नव्हतास.

"चूक होती, सुधरवली," तू वर न बघता म्हणालास. "आता कोणी हासणार नाई."

माझा मोबाइल शर्टाच्या खिशात होता. तिथून बाहेर काढायला मला दोन सेकंद लागले असते आणि तुला तो बगळा पुन्हा काढायला एक तास. मी म्हणालो, "बरं झालं. आता एकदम ओरिजिनल दिसून राहिला."

हे वाक्य माझ्या तोंडातून का निघालं, मला सांगता येत नाही. लाज वाटली की मी विनोद करतो, एवढंच मला माझ्याबद्दल माहीत आहे. मी तुझ्या बगळ्यावर माती टाकली होती आणि वरून ती थापटलीही.

पण मलाही तुझ्यावर राग आहे, तो आज गिळणार नाही. कोक्याच्या जंगलात वाघानं माझ्या कॅमेऱ्यापुढं दोनदा मान फिरवून दाखवली, हे मी शपथेवर सांगितलं. तू मानलं नाहीस. माझ्या मामेभावानं एका बैठकीत एकवीस पुरणपोळ्या खाल्ल्या, ते मानलं नाहीस, आणि ते तर खरं होतं. माझ्या आयुष्यातली एक गोष्ट तुला कधी खरी वाटली नाही. आणि वाटली ती ही? का रे? कारण मी जाऊन आलो होतो? शेजारच्या पोरीला सांगितलं असतंस तर तिनं मोबाइलवर शोधून दिलं असतं, अमेरिकेतले बगळे, पाहिजे तितके. तू कोणाला विचारलं नाहीस. तीस वर्षं स्वतःच्या डोक्यानं बरोबर होतास आणि माझ्या एका थापेनं चूक झालास. इतका कच्चा असशील असं वाटलं नव्हतं. हे तुला तोंडावर ऐकवायचं होतं. तू तेवढा वेळही दिला नाहीस.

मग मंडई आली. तंबू लावायचं तसं कारण उरलं नव्हतं, पण आपण लावला. आणि त्या दिवशी चिखल्याचे जावई आले. केस पांढरे, खाणीतून निवृत्त, सोबत बायको. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला जुना फोटो. "तसाच पुन्हा काढून द्या जी," ती म्हणाली. "त्याच जागी उभं राहतो आम्ही." ती पडद्यापुढं गेली, बाजूला पाहिलं, हातातल्या फोटोत पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"अन् बगळा कुठं गेला?"

तू म्हणालास, "तिथं नसते बाई तो. आमचे भाऊ पाहून आले."

केवढ्या अभिमानानं म्हणालास. आमचे भाऊ! तुझा बगळा गेला त्याचं तुला दुःख होतं, पण आपला माणूस नायगरा पाहून आला याचा तुला आनंदही होता, आणि तो तू त्या बाईपासून लपवला नाहीस. "मंग आमच्या फोटोत कसा आहे?" तिनं विचारलं. तू हसून म्हणालास, "ती माझी चूक हाय." तिचे यजमान हळूच म्हणाले, "चूक असू द्या, पण चांगली होती." मी कॅमेऱ्याच्या मागं होतो. मागं उभं राहायला जागा असणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी सोय आहे.

त्या दिवशी घरी जाण्याआधी, तंबूच्या मागं उभं राहून, मी मोबाइलमधला तो फोटो पुसून टाकला. पुसलेले फोटो जिथं जमा होतात तिथूनही काढला. असं वाटलं, फोटो नाही तर बगळा नाही, बगळा नाही तर मी खोटं बोललो नाही. फोटोग्राफर आहे ना मी. आयुष्यभर लोकांना हेच विकलं.

त्यानंतर तू चार महिने होतास. त्या चार महिन्यांत आपण रोज चहा प्यायलो. आणि नायगऱ्याचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस.

तेरवीला पंगती उठल्यावर लोक तुझ्या फोटोपुढं थांबत होते. कोणीतरी म्हणालं, "फोटोभाऊ, तो गोऱ्या साहेबाचा किस्सा सांगा ना! गोपीभाऊ किती हासला होता त्या दिवशी!" सगळे माझ्याकडं वळले. चांगले वीस-बावीस जण. इतका भरलेला प्रयोग मला खूप दिवसांनी मिळत होता.

मी म्हणालो, "ऐका. तिथं बगळा होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. फोटो काढला होता. मी खोटं बोललो. गोपीचंद बरोबर होता."

सगळे हसले, गोपीचंद. मनापासून हसले. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं भाऊ तुमाले! तेरवीतबी खेळ सोडत नाई!" मी पुन्हा सांगितलं. ते जास्त हसले. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला, तर एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अॅक्टिंग पाहा, अॅक्टिंग."

शकूवहिनी मात्र हसली नव्हती. दाराशी उभी होती. लोक पांगल्यावर मी तिच्याकडं गेलो. म्हटलं, "वहिनी, देवाशपथ, तिथं होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. किती मायेनं पाहिलं, तुला सांगतो, त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"समजते मले भाऊजी," ती म्हणाली. "त्याइचं मन राखाले बोलून राहिले तुमी. पण आता कायले? ते तं गेले."

मी मोबाइल काढायला लागलो, म्हटलं, थांबा, तिथल्या बगळ्याचा दुसऱ्या कोणी काढलेला फोटो शोधून दाखवतो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. तुमी एवढं म्हटलं, हेच भलं."

पडदा तिनं मला दिला. घरी ठेवायला जागा नाही म्हणाली. तो आता माझ्या स्टुडिओत टांगलेला आहे, खडकावर तुझा पांढरा ढग. परवा फडकं ओलं करून त्या ढगाच्या एका कडेला हलकेच फिरवून पाहिलं. खाली तो असेल, तशीच चोच, तसाच पाय. पण तूच सांगायचास, पाण्यात कालवलेल्या पुडीच्या रंगाला पुन्हा पाणी लागलं की वरचा आणि खालचा रंग एकच होतो. पांढरं निघालं, त्याच्याबरोबर राखी निघालं, त्याच्याबरोबर तुझा मोरपंखी हिरवा. फडक्यावर सगळ्याचा मिळून चिखल. मी हात मागं घेतला.

आता हे मी कोणालाही सांगितलं तरी किस्साच होतो. गावाला सांगून झालं, वहिनीला सांगून झालं. उरलास तू. मला माहीत आहे तू काय म्हणशील, आणि तेच ऐकायला मी या पडद्यापुढं बसलो आहे. म्हण ना. एकदा म्हण, खोटं बोलते नाटक्या.

पाणी पडत होतं, गोपीचंद. मासोळी होती. बगळा होता.